अमेरिकन नागरिकत्वाची फी: ७१० की ३८० डॉलर?

एन-४०० म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचा हिशेब चुकतो तो जुन्या आकड्यांमुळे. ६४० डॉलर अधिक बोटांच्या ठशांचे ८५, ही रचना १ एप्रिल २०२४ला बदलली. तेव्हापासून ऑनलाइन ७१०, कागदी अर्जाला ७६०. ठशांचे वेगळे पैसे नाहीत.

मी आधी उत्पन्न बघायला सांगतो. घरचं वार्षिक उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत असेल तर फी ३८०, पण त्यासाठी अर्ज कागदावर भरायचा आणि उत्पन्नाचा पुरावा जोडायचा. घाईत ऑनलाइन पूर्ण फी भरली की सवलत गेलीच. १५० टक्क्यांच्या आत असाल तर आय-९१२ (फी माफीचा अर्ज) जोडून पूर्ण माफी मागा.

अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत मिळत नाहीत, म्हणून अर्जात लिहायच्या अमेरिकेबाहेरच्या मुक्कामाच्या तारखा आधी पासपोर्टवरून जुळवून घ्या.