डी भाषेत अ‍ॅट्रिब्यूटची तपासणी कंपाइलच्या वेळीच कशी करावी

ठाण्यातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला दर पावसाळ्यात एकाच प्रकारचे काम येते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, आणि त्याआधी थकबाकीची यादी, सभेची सूचना, ‘जे’ नमुन्यातील सभासद यादी असे बरेच कागद सभासदांच्या एकाच नोंदीतून छापून निघतात. त्या नोंदीत सदनिका क्रमांक आणि नाव असते, तसाच मोबाइल क्रमांक आणि पॅनही असतो. घाईत लिहिलेल्या छपाईच्या कोडमधून सभासदाचा पॅन तळमजल्यावरच्या सूचनाफलकावर लागला, तर तो काढून घेता येतो, पण तोवर ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचलेला असतो. अशी चूक प्रोग्रॅम चालू झाल्यावर पकडण्यापेक्षा तो कंपाइलच होऊ नये अशी व्यवस्था डी भाषेत कशी करता येते, ते या लेखात क्रमाने पाहू.

डी ही वॉल्टर ब्राइट यांनी निर्माण केलेली भाषा. प्रोग्रॅमरने स्वतः ठरवलेली अ‍ॅट्रिब्यूट (म्हणजे कोडमधील एखाद्या घोषणेला चिकटवायच्या खुणा) जोडण्याची सोय तिच्या अधिकृत कंपाइलरमध्ये, म्हणजे डीएमडीमध्ये, २०१३ च्या जानेवारीतील २.०६१ या आवृत्तीपासून आहे. जावातील अ‍ॅनोटेशन किंवा सी-शार्पमधील अ‍ॅट्रिब्यूट वापरणाऱ्यांना कल्पना ओळखीची वाटेल. मात्र तिथे ती बहुतेकदा प्रोग्रॅम चालू असताना रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःचीच रचना तपासून, वाचली जातात, आणि डीमध्ये ती वाचण्याची जागा कंपाइलरच आहे. तुम्ही वाचून वापरली नाहीत, तर तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये त्यांचा मागमूसही राहत नाही.

सुरुवातीला डीएमडी किंवा एलडीसी यांपैकी एक कंपाइलर बसवून घ्यावा. पुढे वापरलेल्या स्टॅटिक फॉरईचसाठी (कंपाइलच्या वेळीच चालणारी फेरी) २.०७६ किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी. आज कोणी नव्याने बसवत असेल तर ती अट आपोआप पूर्ण होते. या लेखात कीवर्ड आणि लायब्ररीतील नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहावी लागतात. चलांची आणि स्ट्रक्टची (अनेक फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, एकत्र ठेवणाऱ्या रचनेची) आपण दिलेली नावे मात्र डी देवनागरीतही स्वीकारते.

पहिली पायरी: खुणा ठरवणे

आपल्याला दोन खुणा लागतात. ‘फलकयोग्य’ या खुणेला सोबत काही सांगायचे नाही, म्हणून ती रिकाम्या एनमने घोषित करावी: एनम, मग नाव, मग अर्धविराम, एवढीच ओळ. ‘गोपनीय’ या खुणेला माहिती का झाकायची याचे कारण द्यायचे आहे, म्हणून ती स्ट्रक्ट करावी आणि तिच्यात ‘कारण’ नावाची एक स्ट्रिंग ठेवावी.

आता सभासदाच्या स्ट्रक्टमधील प्रत्येक फील्डला यांपैकी एक खूण लावावी. मोबाइलची ओळ अशी दिसेल:

@गोपनीय("खासगी संपर्क") स्ट्रिंग मोबाइल;

सदनिका क्रमांक, नाव आणि थकबाकीची रक्कम यांच्या आधी @फलकयोग्य, तर पॅन आणि ईमेलच्या आधी @गोपनीय येईल. थकबाकी फलकावर लावावी की नाही यावर प्रत्येक सोसायटीत वाद असतो; तो निर्णय कमिटीने घ्यावा, कोडमध्ये त्याची नोंद एका शब्दाने व्हावी, एवढेच आपले काम.

इथे एका सवयीपासून दूर राहावे. खुणेपुढे विसर्ग दिल्यासारखे दोन ठिपके, म्हणजे कोलन, लिहिले की त्या स्ट्रक्टमधील पुढच्या सर्व फील्डना ती खूण लागते. टाइपिंग वाचते हे खरे, पण पुढच्या वर्षी कोणी शेवटी आधार क्रमांकाचे फील्ड वाढवले, तर तेही न सांगता फलकयोग्य ठरते. नोंद कितीही लांब असली तरी खूण प्रत्येक ओळीवर स्वतंत्र लिहिलेली बरी.

दुसरी पायरी: कंपाइलरला काय दिसते ते पाहणे

दारावर ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी लावली म्हणून दाराला कुलूप लागत नाही. तसेच खूण लावल्याने कोडच्या वागण्यात काहीच फरक पडत नाही. ती वाचणारे दुसरे कोड लागते. वाचण्याचे मूळ साधन म्हणजे ट्रेट्स, ज्याच्या नावाआधी दोन अधोरेषा असतात. त्याला कंसात गेटअ‍ॅट्रिब्यूट्स हा शब्द आणि स्वल्पविरामानंतर फील्डचे नाव दिले, की त्या फील्डवरील सर्व खुणांचा क्रम परत मिळतो.

हा क्रम डोळ्यांनी पाहण्यासाठी तो प्राग्मा-मेसेजच्या कंसात घालावा आणि डीएमडीला वजा-ओ-वजा हा पर्याय देऊन फाइल कंपाइल करावी. या पर्यायाने ऑब्जेक्ट फाइल लिहिली जात नाही, पण तपासणी सगळी होते आणि संदेश टर्मिनलवर उमटतो. मोबाइलसाठी त्यात ‘गोपनीय’ आणि त्याचे कारण दिसले पाहिजे. संदेशाची मांडणी कंपाइलरच्या आवृत्तीप्रमाणे थोडी बदलते, म्हणून त्या मजकुरावर कोणतेही स्वयंचलित काम उभारू नये.

तिसरी पायरी: प्रत्येक फील्डची चौकशी

नेहमीच्या वापरासाठी स्टँडर्ड लायब्ररीतील ट्रेट्स मॉड्यूलमध्ये दोन सोयीची साधने आहेत. हॅज-यूडीए (यूडीए म्हणजे आपण ठरवलेली खूण) हे खूण आहे की नाही याचे होय किंवा नाही असे उत्तर देते, आणि गेट-यूडीएज त्या प्रकारच्या खुणा हातात देते.

‘फलकतपासणी’ नावाचे एक टेम्प्लेट फंक्शन लिहावे, ज्याला स्ट्रक्टचा प्रकार पॅरामीटर म्हणून मिळेल. आत त्या प्रकाराच्या टपलऑफवर, म्हणजे त्याच्या फील्डच्या यादीवर, स्टॅटिक फॉरईच चालवावे. प्रत्येक फेरीत दोन एनम (इथे कंपाइलच्या वेळी ठरणाऱ्या स्थिर किमती) ठेवावेत: फील्डवर फलकयोग्य आहे का, आणि गोपनीय आहे का. मग एकच स्टॅटिक अ‍ॅसर्ट (खोटी ठरली तर कंपाइल थांबवणारी अट) लिहावा, की ही दोन उत्तरे एकमेकांपासून वेगळी असलीच पाहिजेत. एकही खूण नसेल किंवा दोन्ही असतील, तर उत्तरे सारखी येतात आणि कंपाइल थांबते. संदेशात फील्डचे नाव यावे म्हणून दोन अधोरेषांच्या ट्रेट्सच्या आयडेंटिफायर या रूपाने ते घ्यावे आणि टिल्डने वाक्याला जोडावे: ‘पॅन या फील्डला खूण नाही किंवा दोन खुणा आहेत’ असे वाक्य वाचल्यावर दुरुस्ती कुठे करायची हे कोणालाही कळते.

माझ्या मते या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. ‘गोपनीय असेल तर छापू नका’ एवढाच नियम ठेवला, तर खूण लावायला विसरलेले फील्ड निमूटपणे छापले जाते, आणि विसरणे हाच तर आपला मूळ प्रश्न आहे. न बोललेल्या फील्डला चूक ठरवले, तरच नवीन फील्ड वाढवणाऱ्याला निर्णय टाळता येत नाही.

स्टॅटिक फॉरईच स्वतःचा वेगळा स्कोप (नावांची वेगळी हद्द) तयार करत नाही, त्यामुळे दुसऱ्या फेरीत तेच एनम पुन्हा घोषित झाल्याची तक्रार येते. फंक्शनच्या आत एकाऐवजी दुहेरी महिरपी कंस लावले की ती मिटते.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. टेम्प्लेट लिहून ठेवल्याने त्यातील अ‍ॅसर्ट तपासला जात नाही. ते एखाद्या प्रत्यक्ष प्रकारासाठी वापरले गेले तरच कंपाइलर आत शिरतो. म्हणून फलकतपासणी वेगळ्या फाइलमध्ये पडून राहू देऊ नये. यादी छापणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ती बोलवावी, म्हणजे यादी छापायची तर तपासणी चुकवता येणार नाही. छपाईच्या फेरीत मग स्टॅटिक इफने फक्त फलकयोग्य फील्ड घ्यावीत. बाकीच्या फील्डसाठी छपाईचे कोड तयारच होत नाही.

चौथी पायरी: कंसाचा घोळ

कारण वाचायला गेले की एक बारीक अडचण समोर येते. कोणी घाईत @गोपनीय एवढेच लिहिले, कंस आणि कारण दिले नाही, तर फील्डवर गोपनीय या स्ट्रक्टची किंमत लागत नाही, खुद्द तो प्रकारच खूण म्हणून चिकटतो. हॅज-यूडीए दोन्ही रूपांना ‘होय’ म्हणते, त्यामुळे आधीची तपासणी सुखरूप पार पडते. पण गेट-यूडीएजने मिळालेल्या पहिल्या खुणेतून ‘कारण’ काढायला गेलात, की ‘दिस’ (म्हणजे त्या प्रकाराची प्रत्यक्ष किंमत) हवा अशी तक्रार येते, आणि नवशिक्याला ती कुठून आली हे उमगत नाही.

यावर उपाय असा, की गोपनीय फील्ड सापडल्यावर खूण प्रकार आहे की किंमत, हे इज या अभिव्यक्तीने आधी विचारावे. प्रकार असेल तर ‘कारण लिहिलेले नाही’ असा आपला संदेश स्टॅटिक अ‍ॅसर्टने द्यावा. किंमत असेल तर कारणाची लांबी शून्याहून अधिक असल्याची खात्रीही तिथेच करावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ साली झाल्यापासून कमिटीचे सदस्यही ‘हे का झाकले’ आणि ‘हे का दाखवले’ असे प्रश्न विचारू लागले आहेत. कोडमधूनच कारणांची यादी काढून देता आली तर सेक्रेटरींचे काम हलके होते.

पाचवी पायरी: तपासणीची तपासणी

मुद्दाम चुकीचा स्ट्रक्ट तयार करून, ज्यात एका फील्डला खूणच नाही, तो कंपाइल होत नाही हे युनिट टेस्टमध्ये नोंदवावे. त्यासाठी ट्रेट्सचे कंपाइल्स हे रूप आहे: फलकतपासणी त्या स्ट्रक्टवर कंपाइल होते का असे विचारून उत्तर ‘नाही’ असल्याचा स्टॅटिक अ‍ॅसर्ट करायचा. मात्र ‘नाही’ हे उत्तर स्पेलिंगच्या चुकीमुळेही येऊ शकते, म्हणून शेजारीच एका योग्य स्ट्रक्टसाठी ‘होय’ येते हेही तपासावे. दोन्ही टेस्ट जोडीने असल्या तरच त्यांच्यावर भिस्त ठेवता येते.

कुठे पोहोच संपते

टपलऑफ एकाच पातळीवरची फील्ड देते. सभासदाच्या आत ‘पत्ता’ नावाचा दुसरा स्ट्रक्ट असेल, तर त्याच्या आतील खुणा पाहायला फलकतपासणीने स्वतःलाच पुन्हा बोलवावे लागते. क्लास वापरत असाल तर मूळ क्लासची फील्ड टपलऑफमध्ये येत नाहीत. म्हणून अशा नोंदींसाठी स्ट्रक्टच वापरावेत, असे मी सुचवीन.

खूण फील्डच्या घोषणेला लागते, त्याच्या प्रकाराला नाही. मोबाइल क्रमांक एकदा साध्या स्ट्रिंग चलात उतरवला की त्या चलावर कोणतीही खूण उरत नाही आणि तो कुठेही छापता येतो. ज्या माहितीबाबत एवढाही धोका नको, तिच्यासाठी स्ट्रिंगऐवजी वेगळा स्ट्रक्ट करावा, आतील मूल्य प्रायव्हेट ठेवावे आणि ते जिथे खरोखर लागते ते मॉड्यूल, उदाहरणार्थ एसएमएस पाठवणारे, वगळता इतरत्र ते मिळू देऊ नये.