डिफॉल्ट रंगांचं उदाहरण लिहिताय? या चुका टाळा

मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी. तिचे डिफॉल्ट, म्हणजे आपण न सांगता आपोआप येणारे, रंग समजावणाऱ्या उदाहरणाचं काम एकच, वाचणाऱ्याने ते रन केलं की कुठल्या लाईनला कुठला रंग आला आणि तोच का आला हे त्याला कळलं पाहिजे. नोट्स, लॅब मॅन्युअल, डॉक्युमेंटेशन, काहीही लिहीत असाल तरी हेच. आपण आपली धरणं घेऊ, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं चार लाईन, पुण्यात कोणाला वेगळं समजवायला लागत नाही.

सगळ्यात पहिलं म्हणजे व्हर्जन लिहा. जानेवारी २०१७ मध्ये २.० आलं तेव्हा रंगांची सायकलच, म्हणजे लाईनींना ओळीने मिळणाऱ्या रंगांची यादीच, बदलली, आधी निळा, हिरवा, लाल, सियान, मजेंटा, पिवळा, काळा असे सात होते, आता निळा, नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा, तपकिरी, गुलाबी, करडा, ऑलिव्ह, सियान असे दहा. जुन्या नोट्समधलं चित्र तसंच उचललं तर पोरांच्या स्क्रीनवर पानशेत नारिंगी येतं आणि नोट्समध्ये हिरवं, मग ती बिचारी आपलाच कोड चुकला म्हणून तासभर शोधत बसतात.

दुसरी गोष्ट जरा नीट वाचा, कारण इथेच जास्त जण अडकतात. कोडमध्ये रंग म्हणून 'बी' (b) हे अक्षर दिलं की भडक शुद्ध निळा येतो, आणि 'सी०' (C0) दिलं की सायकलमधला पहिला, म्हणजे तो शांत निळा. दोन्ही वेगळे आहेत. आता खडकवासल्याला हाताने 'बी' दिला आणि बाकीची तीन धरणं डिफॉल्टवर सोडली तर पानशेतला नारिंगी येईल असं वाटतं ना? नाही येत, निळाच येतो, कारण रंग हाताने दिला की सायकल पुढे सरकत नाही, पहिला रंग अजून तसाच पडलेला असतो. म्हणून एकतर सगळ्यांना सी०, सी१ असं द्या नाहीतर कोणालाच देऊ नका.

पावसाचे बार त्याच प्लॉटमध्ये टाकले की अजून एक घोळ होतो, लाईनची सायकल वेगळी आणि बारची वेगळी, त्यामुळे बार पण निळे आणि खडकवासला पण निळं, बघणाऱ्याला वाटतं दोघांचा काहीतरी संबंध आहे. ट्विनएक्सने उजवीकडे दुसरा अक्ष काढला तरी तेच, नवा ॲक्सेस, म्हणजे आलेख काढायची नवी चौकट, आली की सायकल परत पहिल्यापासून. बारला सरळ सी७, म्हणजे करडा, द्या.

आरसीपॅराम्समध्ये, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये, प्रॉप सायकल (हीच ती रंगांची सायकल) बदलली तरी रंग बदलत नाहीत? सबप्लॉट्स आधी बनवलेत का बघा. सायकल ॲक्सेस तयार होतानाच घेतली जाते, त्यामुळे आधी रंग, मग सबप्लॉट्स. आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये वरच्या कुठल्यातरी सेलमध्ये, म्हणजे कोडच्या चौकटीत, जीजीप्लॉट नावाची तयार स्टाईल लावलेली असेल तर सी० निळा नसतोच, लालसर येतो. उदाहरणाच्या सुरुवातीलाच 'डिफॉल्ट' स्टाईल लावून टाका, तुमच्या मशीनवरची सेटिंग वाचणाऱ्याकडे नसते.

दहापेक्षा जास्त लाईन काढू नका. जिल्ह्यातले सगळे तालुके एकत्र टाकले की अकराव्याला पुन्हा पहिल्याचाच निळा, ना एरर ना वॉर्निंग.

चित्राबद्दल माझं मत ठाम आहे, एकमेकांत गुंतलेले साईन वेव्ह नकोत. आडव्या जाड लाईन काढा, प्रत्येकीच्या शेजारी सी० ते सी९ आणि रंगाचं नाव लिहा, बस. डिफॉल्ट जाडी १.५ पॉइंट असते, तेवढ्यात तपकिरी कुठला आणि लाल कुठला हे पटकन कळत नाही.

अप्पा बळवंत चौकात ब्लॅक अँड व्हाईट झेरॉक्स काढणार असाल तर अजून एक, या दहातले निळा, हिरवा आणि लाल करड्यात जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणजे खडकवासला, वरसगाव, टेमघर तिन्ही एक. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांनाही यातल्या दोन लाईन रंगावरून ओळखणं कठीण जातं. त्यामुळे एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची अशी लाईन स्टाईल पण द्या, आणि लेजंड, म्हणजे कुठला रंग कोणाचा ते सांगणारी चौकट, कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा धरणाचं नाव लाईनच्या टोकालाच लिहा.