टॉरेंट रांगतं, बाकी नेट सुसाट: माझा उपाय

स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस, पण उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) टॉरेंटवरून, म्हणजे इतरांच्या संगणकांकडून तुकड्यातुकड्यांनी घेताना, रात्री सेकंदाला ६०-७० केबीच्या पुढे सरकेना. राउटर रीस्टार्ट, डीएनएस बदल, नवी केबल, सगळं फुकट. कस्टमर केअरने तर ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगितली!

टॉरेंट शेकडो कनेक्शन उघडतं, अपलोडही करतं. म्हणून गर्दीच्या वेळी काही इंटरनेट कंपन्या त्याचाच वेग आवळतात. त्यांना ते ओळखणं सोपं: जोडणीच्या सुरुवातीलाच 'बिटटॉरेंट प्रोटोकॉल' ही अक्षरं उघडी जातात.

क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या प्रोग्रॅममध्ये टूल्स, ऑप्शन्स, बिटटॉरेंट. तिथे एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करून झाकणं) मोड 'रिक्वायर' केला, म्हणजे ती अक्षरं उघडी जात नाहीत. मग कनेक्शनमध्ये ६८८१ हा जुना पोर्ट (जोडणीचा क्रमांक) बदलून ५१४२० टाकला. अप्लाय करून प्रोग्रॅम पूर्ण बंद, पुन्हा सुरू. त्याच रात्री सेकंदाला ५ एमबी. एन्क्रिप्शन नसलेले पीअर (समोरचे संगणक) गळतात, तेवढं चालतं.