डिस्टेंपर: कुत्रं ‘बरं झालं’ म्हणण्याची घाई आणि इतर चुका

बडोद्यात रावपुरा, दांडियाबाजारकडच्या मराठी घरांत कुत्रं पाळण्याचं आता नवल राहिलेलं नाही, आणि गल्लीतल्या पिल्लांना ओट्यावर दूध-पोळी घालणारे तर पहिल्यापासून आहेत. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराच्या बाबतीत दोघंही एकच चूक करतात. पिल्लाला ताप येतो, डोळ्यांत चिपडं धरतात, नाक वाहतं, खोकला, जुलाब. औषधं चालू होतात, काही दिवसांनी ते खायला लागतं, शेपूट हलवतं. लगेच औषधंही बंद आणि डॉक्टरकडे जाणंही बंद.

मग दोन-तीन आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, एक पाय आपोआप उडायला लागतो. झोपेतसुद्धा थांबत नाही. जबडा काही चावत असल्यासारखा हलत राहतो, कधी फेफरं येतं, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, ‘पडलं असेल कुठेतरी.’ पडलेलं नसतं. तोच जुना आजार इतके दिवस आत चालू होता.

हा विषाणू गोवराच्या विषाणूच्या कुळातला. आधी तो शरीराच्या संरक्षक पेशींत वाढतो, मग श्वासनलिका, आतडी आणि कातडीत उतरतो. तिथे त्याचं काम दांडगाईचं असतं. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर त्याची प्रथिनं येतात, त्यांच्यामुळे शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या पेशी तयार होतात, त्या मरतात आणि नवे विषाणू बाहेर पडतात. अशा मोकळ्या विषाणूंना रक्तातली प्रतिपिंडं गाठू शकतात. मेंदूत मात्र तो सबुरीनं घेतो. तिथे ॲस्ट्रोसाइट नावाच्या, लांब फांद्या असलेल्या आधारपेशी असतात. त्यांना तो फारसा मारत नाही, एकमेकींत मिसळवतही नाही आणि बाहेर मोकळे विषाणूही फार सोडत नाही. फांदीला फांदी लागते तिथून त्याचं आनुवंशिक द्रव्य थेट पुढच्या पेशीत जातं. जुन्या वाड्यांत रस्त्यावर न उतरता मधल्या दारानं शेजारी जाता येतं, तसंच हे. पहारा सगळा रस्त्यावर. त्यामुळे रक्तात प्रतिपिंडं भरपूर असूनही मेंदूतला संसर्ग टिकतो, मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण झिजत जातं आणि पुढे शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे ते आणखी बिघडतं.

म्हणून तपासणीच्या कागदावर विसंबताना जपून. रक्ताची पीसीआर (विषाणूचं आनुवंशिक द्रव्य शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली की ‘डिस्टेंपर नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. पाय उडत असेल तर पापणीच्या आतल्या ओलसर अस्तराचा नमुना, लघवी, गरज पडल्यास मणक्यातलं पाणी तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. उलटही घडतं: नुकतीच जिवंत विषाणूची लस दिली असेल तर त्या लसीमुळेच पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते. लस कधी दिली ती तारीख सांगायला विसरू नका.

अँटिबायोटिक या विषाणूला मारत नाही. ते लागतं न्यूमोनियासारख्या वरून झालेल्या जिवाणूसंसर्गासाठी. फेफऱ्यावर औषधं आहेत, पायाच्या उडण्यावर मात्र त्यांचा फार उपयोग होत नाही, आणि तरीही अशी काही कुत्री खाऊन-पिऊन, खेळून वर्षानुवर्षं जगतात. उडणारा पाय बघून लगेच कायमचं झोपवायची घाई मला पटत नाही. फेफरं आवरतच नसेल तर गोष्ट वेगळी. आजारी पिल्लाला घाईनं लस टोचून मात्र काहीच साधत नाही.

लशीच्या बाबतीतली चूक तर घरोघरी. ४५ दिवसांचं असताना एक इंजेक्शन दिलं की काम झालं असं समजतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं तोवर पिल्लाच्या अंगात असतात आणि लस निकामी करतात. ती कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत शेवटचा सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर द्यायचा, वर्षाच्या आत-बाहेर बूस्टर. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. मे महिन्यातल्या बडोद्यात ती पिशवीत घालून स्कूटरवर फिरवू नका. आणि गल्लीतल्या कुत्र्याचा कान कापलेला दिसला म्हणजे त्याची नसबंदी झाली आणि रेबीजची लस मिळाली असं धरता येतं, डिस्टेंपरची नव्हे.

रेबीजचा विषय निघालाच आहे. लाळ गळणारं, झटके येणारं, भलतंच वागणारं अनोळखी कुत्रं दिसलं तर ‘डिस्टेंपर असेल’ म्हणून हात लावू नका. डिस्टेंपर माणसाला होत नाही, रेबीज होतो आणि दोन्हींची लक्षणं वरवर सारखी दिसतात. चावलं, ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठा.

हा आजार फक्त पाळीव कुत्र्यांचाही नाही. २०१८ साली आपल्याच गुजरातेत गीरच्या सिंहांमध्ये याच विषाणूनं बळी घेतले. त्यामुळे जंगलालगतच्या गावातलं किंवा तिकडे सोबत नेलेलं कुत्रं लशीविना ठेवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

साफसफाईत लोक पार्वो आणि डिस्टेंपरची गल्लत करतात. पार्वो हा कुत्र्यांचा दुसरा विषाणू, तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. डिस्टेंपरच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते साबणानं, ब्लीचनं, उष्णतेनं लवकर मोडतं. भांडी, अंथरूण, फरशी नीट धुतली की घर फार दिवस धोक्याचं राहत नाही. धोका असतो तो जिवंत कुत्र्याचा: बरं दिसणारं कुत्रंही लघवीवाटे आठवडे, कधी महिने विषाणू सोडू शकतं. आजारी कुत्रं दगावलं असेल तर घर धुवून काही आठवड्यांनी नवं पिल्लू आणता येतं. ते वाचलं असेल, तर नव्या पिल्लाचे सगळे डोस पूर्ण होऊन दोन आठवडे गेल्याशिवाय दोघांना एकत्र सोडू नका.