नोकरी गेली, हप्ता चालूच: मी काय केलं

मार्चमध्ये नोकरी गेली, बोरिवलीच्या वन बीएचकेचा हप्ता ४२ हजार, वर क्रेडिट कार्डाचे दीड लाख, रात्र रात्र झोप नाही. बायको म्हणाली, घरात बसून काय होणारे, बँकेत जाऊन बोल ना. गेलो. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं आणि मग सगळं कर्ज फेडा अशी ६० दिवसांची नोटीस येते, म्हणून एकही हप्ता चुकायच्या आधीच अर्ज दिला, मुदत वाढली, हप्ता ३५ हजारांवर आला. पीएफ काढून आधी कार्ड फेडलं, सगळ्यात जास्त व्याज तिथेच. फ्लॅट २६ हजारांनी भाड्याने दिला आणि आम्ही आईकडे लालबागला, एका खोलीत पाच जणं, पोरगी पोटमाळ्यावर बल्ब लावून अभ्यास करते, ते बघून जीव तुटतो. वरचे नऊ हजार शिकवण्यांतून निघतात. नोटीस यायची वाट बघू नका, आधीच जा.