रास्पबेरी पायचं बंद (सोर्स न दिलेलं) बूट फर्मवेअर डेबियनसाठी पॅकेज कसं करायचं

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला करंट दिला की एआरएम प्रोसेसर आधी उठत नाही, आधी उठतो तो व्हिडिओकोर, म्हणजे ग्राफिक्सवाला भाग. तो चिपमधल्या रॉमवरून सुरू होतो, एसडी कार्डाच्या फॅट पार्टिशनवर बूटकोड.बिन शोधतो, मग स्टार्ट.एल्फ आणि फिक्सअप.डॅट घेतो, कॉन्फिग.टीएक्सटी वाचतो आणि मग कुठे कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, पाळी येते. पाय ४ ला बूटकोडचं काम बोर्डावरच्या ईईपीरॉममध्ये गेलं आणि पाय ५ ला तर कार्डावर स्टार्ट.एल्फही लागत नाही. पण पाय ४ पर्यंत या फाइली कार्डावर नसतील तर वरचं सगळं सॉफ्टवेअर कितीही मुक्त असू दे, बोर्ड बूट होत नाही, म्हणून डेबियन या लिनक्स सिस्टिमला हे पॅकेज लागतंच.

आधी लायसन्स वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा. ब्रॉडकॉमचं लायसन्स बायनरी वाटू देतं पण बदल न करता, नोटीस सोबत ठेवून, आणि वापर फक्त रास्पबेरी पाय किंवा त्यावर बेतलेल्या अधिकृत बोर्डांसाठी. म्हणजे सोर्स नाही, बदलायची मुभा नाही आणि वापरावर बंधन, डेबियनच्या निकषात हे मेनमध्ये, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य कप्प्यात, बसूच शकत नाही. २०२२ च्या मतदानानंतर डेबियन १२ पासून नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा कप्पा आलाय, पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलच्या सेक्शनमध्ये तेच नाव आधी लावायचं. मला हा कप्पा मनापासून पटतो, कारण आधी एका फर्मवेअरसाठी अख्खा नॉन-फ्री कप्पा चालू करावा लागायचा. आणि मेनमधलं पॅकेज आपोआप बिल्ड होतं, तसं इथलं होत नाही, ते हवं असेल तर एक्सएस-ऑटोबिल्ड फील्ड टाकून परवानगी मागावी लागते.

मग फर्मवेअरची मूळ रिपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा ऑनलाइन साठा, घ्या. ती अवाढव्य आहे, त्यात तयार कर्नल आणि मॉड्यूलही भरलेत. ते काढायचेच, नुसत्या साइजसाठी नाही, कर्नल जीपीएल लायसन्सचा आहे आणि त्याचा सोर्स सोबत नसताना तुम्ही बायनरी वाटली तर तुम्हीच लायसन्स मोडता. कॉपीराइट फाइलमध्ये फाइल्स-एक्सक्लूडेड लिहा, मूळ व्हर्जन उतरवणारा यूस्कॅन टारबॉल (फाइलींचा गठ्ठा) गाळून देतो, तो गाळलेला आहे हे कळावं म्हणून व्हर्जनला प्लस डीएस जोडा.

बिल्डच्या पायऱ्या असलेल्या रूल्स फाइलमध्ये कंपाइल करायला काहीच नाही, पण डीएच-स्ट्रिप (बायनरीतली डिबग माहिती काढणारं) आणि डीएच-श्लिबडेप्स (लागणाऱ्या लायब्ररी शोधणारं) रिकामे ओव्हरराइड करून ठेवा. स्टार्ट.एल्फ हा व्हिडिओकोरचा कोड आहे, आपल्या टूल्सनी त्याला हात लावायचं कारणच नाही, आणि एक बाइट जरी हलला तरी "बदल न करता" ही अट गेली. बिल्ड झाल्यावर पॅकेजमधल्या फाइलीचा शा२५६ चेकसम मूळ फाइलीशी जुळवून बघाच.

आता सगळ्यात नाजूक भाग. फाइली थेट /बूट/फर्मवेअर मध्ये, म्हणजे ते फॅट पार्टिशन जिथे माउंट होतं तिथे, इन्स्टॉल करू नका. अपग्रेड करताना डीपीकेजी, म्हणजे डेबियनचा इन्स्टॉलर, जुन्या फाइलीची हार्ड लिंक (त्याच फाइलीला दुसरं नाव) करून ठेवतो आणि फॅटवर हार्ड लिंक होतच नाही, मग अपग्रेड मधेच अडकतं. म्हणून डेबियनच्या रास्पी-फर्मवेअर पॅकेजमध्ये फाइली /यूएसआर/लिब खाली जातात आणि कर्नल इन्स्टॉल झाल्यावर आपोआप चालणाऱ्या पोस्टइन्स्ट हुकमधली स्क्रिप्ट त्या कॉपी करते. तुमच्या हुकमध्ये आधी पार्टिशन माउंट आहे का ते तपासा. माझ्याकडून हे एकदा राहिलं होतं, फाइली रूट पार्टिशनवरच्या रिकाम्या फोल्डरात गेल्या, कुठे एरर नाही, आणि बोर्ड जुन्याच फर्मवेअरवर बूट होत राहिला, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. जागा पुरेल का तेही बघा, कॉपी आधी तात्पुरत्या नावाने करा, पूर्ण झाल्यावर नाव बदला आणि सिंक करा. स्टार्ट.एल्फ आणि फिक्सअप.डॅट ही जोडी आहे, एक नवीन आणि एक जुनी असं कधीही राहू देऊ नका.

कॉन्फिग.टीएक्सटी हुक दरवेळी नव्याने लिहितो, तिथे केलेला बदल पुसला जातो. लोकांनी रात्रभर बसून लावलेली सेटिंग असते हो ती! त्यामुळे त्या फाइलीच्या डोक्यावरच ठळक लिहा की तुमचं जे काही आहे ते /ईटीसी/डिफॉल्ट मधल्या रास्पी-फर्मवेअर-कस्टम मध्ये टाका, तिथलं हुक जसंच्या तसं जोडतो.

पॅकेज तपासणारा लिंटियन चालवा, पण तो बूट करून बघत नाही, तेव्हा सिरियल केबल लावून खऱ्या बोर्डावर जुन्या व्हर्जनवरून अपग्रेड करून बघा, नुसतं कोऱ्या कार्डावर इन्स्टॉल करून थांबू नका. पाय ३ आणि पाय ४ दोन्ही बघा, आणि चालू असलेलं एक कार्ड हाताशी ठेवा.