वाणिज्य मंडळाचे वर्षभराचे काम परीक्षकांपुढे मांडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील महाविद्यालयांची वाणिज्य मंडळे वर्षभर मनापासून राबतात. परंतु हे काम परीक्षकांपुढे मांडण्याच्या स्पर्धेत मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत सगळेच सांगण्याच्या नादात एकही उपक्रम परीक्षकांच्या लक्षात राहत नाही, याची फार हळहळ वाटते. म्हणून दोनच उपक्रम निवडावेत आणि बाकीच्यांची यादी लेखी अहवालाच्या परिशिष्टात द्यावी. समजा, खानापूरच्या कुंभारांकडून पणत्या आणून दिवाळीत विकल्या असतील, तर भांडवल कोणी घातले, वाटेत किती पणत्या फुटल्या, वाहतूक व स्टॉलभाडे वजा जाता नफा किती उरला आणि तो कशासाठी वापरला, हे रोकडवहीच्या त्या पानाच्या छायाचित्रासह दाखवावे. फुटीचा तोटा मुळीच लपवू नये. पुढच्या खेपेस खोक्यांत पेंढा घातला, एवढे सांगितले तरी विद्यार्थी काय शिकले ते कळते. सभासदसंख्या गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवावी. परीक्षकांमध्ये कन्नडभाषक असण्याचा संभव आपल्याकडे नेहमीच असतो, तेव्हा तक्त्यांची शीर्षके कन्नडमध्येही द्यावीत आणि ती कन्नड माध्यमात शिकलेल्या वर्गमित्राकडून आधी तपासून घ्यावीत.